टाकीच्या स्लॅबवरचा मृग

परवा संध्याकाळी परबकाका दारात उभे राहिले. हातात गच्चीची किल्ली, अंगात मरून स्वेटर. त्यांचा तो स्वेटर कपाटातून बाहेर आला की लालबागला थंडी पडली असं खुशाल समजावं. काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणजे पंप, पाणी, गच्ची आणि भांडणं या सगळ्या खात्यांचे एकटे मंत्री.

"काय शोभा, यंदा गच्ची नको? मृग वर आलाय बघ. आत्ताच टाकीपाशी जाऊन आलो."

"बघते काका," मी म्हटलं.

आमच्याकडे 'बघते' म्हणजे नाही, हे त्यांनाही कळतं. तरी त्यांनी किल्ली चपलांच्या स्टँडवर ठेवली आणि कठड्याला धरून जिना उतरले.

दुर्बीण पलंगाखाली आहे. तिचं माउंट, म्हणजे तिला तोलून धरणारी आणि आकाशाबरोबर फिरवणारी ती लोखंडी मान, जुन्या चादरीत गुंडाळून तिच्याच शेजारी ठेवली आहे. केर काढताना झाडू तिला लागतो तेव्हा ठण्ण आवाज येतो आणि आई विचारते, "उठवलंस काय तिका?" मी नाही म्हणते. सकाळी आईचे डोळ्यातले थेंब, तिची पेज, मग माझं ऑफिस, संध्याकाळी परत थेंब, परत पेज, मधे मधे दवाखान्याच्या रांगा. रात्री पाठ टेकली की छत दिसतं, तेवढंच माझं आकाश. खरं सांगायचं तर मी दमले आहे. झोपून जाणारा हा थकवा नाही. झोपून उठलं तरी तो उशाशी बसलेलाच असतो.

पण किल्ली दिसली आणि तो हिवाळा आठवला. चार वर्षं होतील आता.

त्या वर्षी आईच्या डाव्या डोळ्याचा मधला भाग गेला. डॉक्टरांनी कागदावर गोल काढून मधे काळा ठिपका भरला आणि म्हणाले, "असं होतं. कडेकडेनं दिसत राहतं, मधलं जातं." उजव्या डोळ्यातही ते सुरू झालं होतं. डोळ्यात इंजेक्शनं घेऊन जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवायचं, यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हतं. घरी येताना आई टॅक्सीत खिडकीशी बसली. परळचा सिग्नल लागला तेव्हा म्हणाली, "शोभा, मृगातली ती चांदणी खरीच पुसलेली आसा काय गो?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. कुडाळकडे तिच्या माहेरी हिवाळ्यात वायंगणाचं, म्हणजे पावसानंतर घेतलेलं दुसरं भात असायचं. पोरीबाळींना शेताच्या बांधावर राखणीला बसवायचे. समोर मृग. त्याच्या पोटातल्या तीन चांदण्या सगळ्यांना ठाऊक. त्या तिघींच्या खाली आणखी तीन बारीक लोंबतात, आणि त्यातली मधली आईला कायम पुसल्यासारखी दिसायची. पाटीवरचं अक्षर थुंकीनं पुसलं की उरतं तसं. तिने ते बापाला सांगितलं. बाप म्हणाला, चेडवाचे डोळे अधू आहेत. पुढे ते घरभर झालं. सुईत दोरा ओवायला तिला कुणी देईना. तिला शाळेतून काढलं त्यालाही हेच कारण सांगितलं होतं, की हिला फळ्यावरचं दिसायचं नाही. लग्न ठरवताना तेवढं मात्र कुणी बोललं नाही.

"माका सगळा दिसा होता," आई म्हणाली. "फक्त ती एक पुसलेली."

आता खरोखरच डोळे चालले होते, आणि जाण्याआधी तिला एवढंच कळून हवं होतं, की तेव्हा पुसलेलं काय होतं, चांदणी की डोळे. आजवर तिने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी तिला तिथेच सांगू शकले असते, की आई, तिथे चांदणी नाहीच, धुक्यासारखा ढग आहे, पुस्तकात असतं. सांगितलंही. ती म्हणाली, "पुस्तकात तुझ्या. माका दाखव."

मिलिंद माझा शाळेपासूनचा मित्र. नायगावच्या चाळीत वाढला, आता अँटॉप हिलच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो आणि एका हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळतो. त्याला या आकाशाच्या फोटोंचं वेड. दुर्बीण त्याची, पण त्याच्या कॉलनीत गच्चीला कुलूप, म्हणून गच्ची आमची. तोवर मी फक्त चहा वर नेऊन द्यायची आणि त्याची चेष्टा करायची. त्याला आईचं सगळं सांगितलं.

"फोटो काढू," म्हणाला. "पण साधा नाही चालणार. बाकीच्या चांदण्या एकदम शार्प आल्या पाहिजेत, टाचणीच्या टोकाएवढ्या. तीच एक पुसट. नाहीतर आई काय म्हणेल?"

आई काय म्हणाली ते लवकरच कळलं. पहिल्या आठवड्यातला फोटो आम्ही टीव्हीवर लावला. त्यात सगळ्याच चांदण्या लांबट, तांदळाच्या दाण्यांसारख्या आल्या होत्या. आई बघून म्हणाली, "सगळ्योच पुसलेल्यो. मगे माझेच डोळे." आणि उठून आत गेली.

त्यानंतर दोन महिने आमच्या गच्चीवर जे चाललं ते बघून परबकाकांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, की हे सगळं सरकारी परवानगीनं आहे ना.

गोष्ट अशी आहे की आकाश फिरतं. म्हणजे आपण फिरतो, पण दिसतं तसं. कॅमेरा दोन-चार मिनिटं उघडा ठेवला तर चांदणीची रेघ होते, म्हणून दुर्बिणीला चांदणीच्या मागोमाग फिरवायचं. त्यासाठी माउंटचा कणा नेमका ध्रुवाकडे रोखावा लागतो. मुंबईत ध्रुव फार खाली असतो, आणि आमच्याकडे तर तो दोन टॉवरच्या मधल्या फटीतच दिसतो, तोही एकाच जागेवरून. पाण्याच्या टाक्या ठेवलेला जो उंच स्लॅब आहे, त्याच्यावरून. म्हणून आम्ही टाक्यांच्या कुशीत दुर्बिणीचं तीन पायांचं तिकाटणं मांडलं होतं. मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण. ती एकाच चांदणीकडे टक लावून बसणार, आणि चांदणी जरा सरकली की मोटरला सांगणार, थोडं इकडे, थोडं तिकडे. याला ते गाइडिंग म्हणतात. लॅपटॉपवर तांबडी आणि निळी अशा दोन रेघा चालत राहतात. रेघा सपाट म्हणजे सगळं ठीक.

आमच्या रेघा कधी सपाट नव्हत्या. तांबडी अधूनमधून उसळायची, पण निळी मात्र दिवेलागणीनंतर हळूहळू एका बाजूला कलंडत जायची. मोटर तिला ओढून आणायची, ती परत निघायची.

मिलिंदने माउंट उघडलं. गिअरचं जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन नवं भरलं. माझ्या जुन्या स्लीपरांचे तुकडे कापून तिकाटण्याच्या पायांखाली घातले, फ्लायओव्हरवरच्या ट्रकांचे हादरे लागू नयेत म्हणून. सॉफ्टवेअरमध्ये तो रोज काहीतरी कमीजास्त करायचा. एकदा मी विचारलं, चांदणी हलली की लगेच ओढ ना तिला, वाट कसली बघतोस. तो म्हणाला, "नाही गं. वरची हवा थरथरते ना, त्यात पण ती हलते. प्रत्येक वेळी ओढत बसलो तर आपणच तिला हलवू. थोडं सोडून द्यायचं." मी तेव्हा आईला दिवसातून वीस वेळा 'असं धर, तसं नको' म्हणत होते. पण ते जाऊ दे.

आणखी एक गोष्ट तेव्हा कळली, ती मला अजून पटते. दुर्बीण दोन्ही बाजूंनी काट्यावर तोलली की बरं, असं कुणालाही वाटेल. पण तसं केलं तर गिअरचे दाते मधल्या जागेत इकडून तिकडे आपटत राहतात. म्हणून पूर्वेची बाजू जराशी जड ठेवायची. थोडा भार असला की दाते एकमेकांना धरून राहतात. दमलेल्या संध्याकाळी हे आठवतं, पण त्याने पाठ दुखायची थांबत नाही.

जानेवारी संपत आला. आईच्या उजव्या डोळ्याला दुसरं इंजेक्शन झालं. ती आता मला नीट बघत नव्हती, असं मला वाटायचं. मी समोर बसले की ती भलतीकडे बघायची. मला ते लागायचं. वाटायचं, हिला राग आलाय, एवढी शिकलेली लेक आणि एक चांदणी दाखवता येत नाही हिला. मिलिंदही कंटाळला होता. एकदा म्हणाला, "हा गिअरच बाद आहे बहुतेक." दोघंही टाकीला टेकून बसलो होतो आणि आत पाणी पडल्याचा आवाज येत होता.

मग तो पाणी न आल्याचा दिवस आला. कुठेतरी मोठी लाइन दुरुस्त करत होते. सकाळी नळ कोरडे, दुपारी टाक्या कोरड्या, संध्याकाळी इमारतीत लोकांची तोंडं कोरडी. जिन्यात बायका परबकाकांना धरून उभ्या होत्या, जणू लाइन त्यांनीच तोडली. मीही ऑफिसातून येऊन पाण्याच्या नावाने शंख केला आणि वैतागून वर गेले. चंद्र मृगाच्या शेजारीच होता, त्यामुळे त्या दिवशी फोटो निघणार नव्हता. मिलिंद नुसताच सराव म्हणून लावून बसला होता.

"काय केलंस तू?" तो मला म्हणाला.

"मी काय केलं? मी आत्ता येतेय."

"कशाला हात लावलास? बघ की हे."

लॅपटॉपवर दोन्ही रेघा सपाट होत्या. निळी तर कुणी पट्टीने आखावी तशी. आम्ही चहा थंड होऊ दिला. पाऊण तास ती चांदणी जागची हलली नाही. मिलिंदने ग्रीसला श्रेय दिलं, मी स्लीपरांना.

दुसऱ्या दिवशी निळी रेघ परत कलंडली. मिलिंदने पाना काढला. तेवढ्यात खालून परबकाकांची हाक आली, "पंप चालू करतोय रे!" रोजच्यासारखीच. पण आदल्या दिवशी पाण्यावाचून इतकी जळले होते, की ती हाक मला नीट ऐकू आली.

"मिलिंद," मी म्हटलं, "टाकी."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग स्क्रीनकडे. खाली पंप घरघरत होता, आमच्या पाठीशी टाकीत पाणी चढत होतं, आणि त्याबरोबर निळी रेघ वाकत होती. पंप थांबला, रेघ थांबली. थोड्या वेळाने ती उलट्या बाजूला उतरू लागली, कारण इमारतीत भांडी घासायची वेळ झाली होती. जुना स्लॅब. भरल्या टाक्यांच्या भाराने तो केसभर खाली बसायचा, टाक्या रिकाम्या होताना केसभर वर यायचा. आपल्याला कधी कळलं नसतं. ध्रुवाकडे रोखलेल्या माउंटला मात्र तो केस खूप होता.

मिलिंदने पाना खाली ठेवला आणि हसायला लागला. "दोन महिने गिअरला शिव्या घातल्या यार. आणि हे वरच्या मजल्यावरचे सावंत आंघोळ करतायत."

हसू मलाही आलं. पण लगेच रडूही आलं, कारण उपाय कळला आणि तो मुंबईत मागायचा कसा ते कळेना. जागा बदलली तर ध्रुव टॉवरमागे जाणार. दुसरा उपाय म्हणजे तासभर टाकीत पाणी जाऊही नये आणि येऊही नये. ऐन संध्याकाळी.

परबकाकांनी कानावर हात ठेवले. "अगं शोभा, पाणी म्हणजे काय लाइट आहे, मेणबत्ती लावली आणि भागलं? लोक मला कच्चा खातील."

मी घरी आले ती रडवेली. आईने ऐकलं. काठी घेऊन ती दारापर्यंत आली आणि जिन्यात तोंड करून हाक मारली, "वसंता, वर ये."

परबकाकांना 'वसंता' म्हणणारं इमारतीत आता एवढंच माणूस उरलं आहे. ते आले. आईने त्यांना चांदणीचं सांगितलं, बापाचं सांगितलं, सुईदोऱ्याचं सांगितलं. मला टॅक्सीत सांगितलं त्याहून जास्त सांगितलं. शेवटी म्हणाली, "एक तास दी माका. मगे काय्येक मागूचंय नाय."

काकांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. आठवड्याभराने, चंद्र उशिरा उगवू लागल्यावर, खालच्या फळ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: आज रात्री आठ ते नऊ टाकीचे पाणी बंद राहील. सर्वांनी आधी भरून ठेवावे. कारण, मृग.

आमची इमारत पाण्यावरून एकमेकींचे केस धरणारी. पण त्या दिवशी सातपासून घरोघरी पिंपं, बादल्या, हंडे, कुणाच्या तर लोणच्याच्या बरण्याही भरल्या गेल्या. पावणेआठला काकांनी पंप बंद करून मुख्य कॉक फिरवला आणि मग उगीचच त्यावर हात ठेवून उभे राहिले, कुणी येऊन उघडेल म्हणून. मिलिंदने ध्रुव परत एकदा धरला. सावंतांच्या घरातली मंडळी वर आली आणि काका त्यांच्यावर खेकसले, स्लॅबपासून लांब उभे राहा.

तो तास मला अजून ऐकू येतो. इमारतीत पाण्याचा आवाज सतत असतो, इतका की आपण तो धरतच नाही. तो थांबला. भांडं नाही, फ्लश नाही, नळाची चुळूक नाही. फ्लायओव्हरवरून गाड्या जात होत्या, लांब कुठे कुकरची शिट्टी होत होती, पण आमच्या भिंती गप्प होत्या. निळी रेघ सपाट चालली होती. मिलिंद कुजबुजत होता, का ते त्यालाच ठाऊक. मी वर मृगाकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आईच्या एका बारीकशा अब्रूसाठी एवढी माणसं श्वास धरून बसली आहेत. आयुष्यात मला इतकं हलकं परत कधी वाटलेलं नाही.

नऊला कॉक उघडला. चारही मजल्यांवर नळ खाकरले, आणि चांदणी जागेवरून निघाली.

मिलिंदने आठवडाभर घरी बसून सगळे फोटो एकावर एक रचले, लालबागच्या दिव्यांचा पिवळेपणा काढला, आणि रविवारी पेनड्राइव्ह घेऊन आला. टीव्हीवर लावलं. काळ्यावर बारीक, गोल, स्वच्छ चांदण्या. आणि मधोमध ती एकच, गुलाबीसर, पुसलेली.

आईने खुर्ची पुढे घेतली. टीव्हीकडे तोंड केलं आणि मग मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसली. बराच वेळ. मी म्हटलं, "आई, इकडे बघ ना, इकडे."

"थांब," मिलिंद हळूच म्हणाला. "ती बघतेय. मधलं दिसत नाही ना तिला, म्हणून कडेनं बघतेय. आम्ही पण असंच बघतो शोभा. एकदम फिकं काही बघायचं असलं ना, की त्याच्याकडे नाही बघायचं. शेजारी बघायचं."

आई दाराकडे तोंड करून म्हणाली, "हीच ती. बाकीच्यो बघ कशो टाचणीच्यो. हीच एक पुसलेली." मग थोडं थांबून, "तेवा माझे डोळे बरे होते गो."

तिच्या आवाजात आनंद होता असं मी म्हणणार नाही. सत्तर वर्षं उशिरा मिळालेल्या न्यायाचा आनंद कसा असतो ते मला माहीत नाही. तिने पदर तोंडाला लावला, आणि मिलिंद गॅलरीत जाऊन फ्लायओव्हर बघत उभा राहिला.

तो फोटो आम्ही मोठा करून घेतला. तो आईच्या पलंगासमोर नाही, बाजूच्या भिंतीवर आहे. पाहुणे विचारतात, इथे का लावलाय, दारामागे. कुणाकुणाला सांगायचं. आता दोन्ही डोळ्यांतलं मधलं गेलं आहे. कडाही आखडत चालल्यात असं डॉक्टर म्हणतात. मिलिंदची बदली होऊन तो लांब गेला, दुर्बीण माझ्याकडे ठेवून गेला, फोन करतो, "लावलीस का?" विचारतो, मी 'बघते' म्हणते.

परवा काका गेल्यावर मी किल्ली तशीच स्टँडवर ठेवून आईसमोर येऊन बसले. पेजेचं भांडं हातात होतं. आईने तोंड खिडकीकडे वळवलं.

"दमलस गो?"

"नाही गं."

"तोंड पुसलेला दिसता तुझा," ती म्हणाली. "आणि माझ्या डोळ्यांवर ढकलू नको."

मी भांडं खाली ठेवलं आणि ओढणी तोंडावर धरली. म्हटलं, आता तिला दिसायचं नाही. पण तिने मान खिडकीकडेच ठेवली होती.